म्हशी माह्या, नाव माहं

आत्याच्या म्हशींवर वीज पडली त्या दुपारी मी रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमच्या घरी भांडी घासत होते. भाद्रपदातलं आभाळ होतं, आलं आणि अर्ध्या तासात निघूनही गेलं. अंगणात पुन्हा ऊन पडलं, तेवढ्यात दारात राऊत येऊन उभा राहिला. राऊत म्हणजे आत्याच्या म्हशी चारायला नेणारा म्हातारा. तेलीबांध्याच्या गोठ्यावरून तो धावतच आला होता. धोतर चिखलानं माखलेलं, एक हात कानावर दाबून धरलेला. एवढंच म्हणाला, "बाई के भैंसी मर गे."

"कितनी?" मी विचारलं. त्याला ऐकू आलं नाही. ओरडून विचारलं तेव्हा त्यानं सात बोटं दाखवली.

आत्या ही माझ्या वडलांची थोरली बहीण. भोसल्यांच्या काळापासून रायपुरात असलेल्या एका मराठी घरात तिला दिली होती. लग्नाच्या पाचव्या वर्षी नवरा गेला. सासरच्यांनी तिला परत पाठवलं, तेव्हा तिच्यासोबत एक म्हैस दिली. देण्याची दानत होती म्हणून नव्हे, ती म्हैस आत्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नव्हती म्हणून. माझे आजोबा विदर्भातून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आलेले; त्यांनी तेलीबांध्याच्या तलावापलीकडे जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता. तिकडे तेव्हा कोणी जात नसे. आत्यानं तिथे एक कवेलूच्या छपराची खोली उभी केली, शेजारी गोठा घातला, आणि वीस-बावीस वर्षांत एकीच्या अकरा म्हशी केल्या. तात्यापाऱ्यातली निम्मी घरं आणि पंडरीच्या बाजारातले चार-पाच कापडवाले तिचं दूध घेत. ती पाणी घालत नसे आणि कोणाचं ऐकून घेत नसे. लोक म्हणत, मराठीन बाईचं दूध गोड आणि जीभ कडू.

मग वेगळं राज्य झालं, रायपूर त्याची राजधानी झाली. पानाच्या टपरीवरसुद्धा 'राजधानी' अशी पाटी लागली. तेलीबांध्याच्या बाजूला नव्या राजधानीकडे जाणारा रस्ता रुंद होणार असं लोक बोलू लागले. आत्याच्या गोठ्याच्या चहूबाजूंनी दुमजली बंगले उभे राहिले, आणि जी जमीन आजोबांनी कोल्ह्यांच्या शेजाराला घेतली होती, तिचा भाव विचारायला लोक आमच्या घरी येऊ लागले.

मी रिक्षा करून राऊतसोबत तिकडे गेले. तलावाच्या कडेला अर्जुनाचं एकटं उंच झाड होतं. त्याच्या खाली सातही म्हशी एकमेकींना टेकून पडल्या होत्या, जशा पावसात उभ्या होत्या तशाच. अंगावर जखम नाही, रक्त नाही. एकीच्या पाठीवर मात्र मानेपासून शेपटीपर्यंत केस जळालेली रेघ होती. दोघींच्या तोंडात अजून गवत होतं. आत्या त्यांच्यामध्ये उभी होती. रडत नव्हती. पदर कमरेला खोचून ती प्रत्येकीजवळ जाऊन डोळे मिटायचा प्रयत्न करत होती. मेलेल्या म्हशीचे डोळे मिटत नाहीत. एकीचे तिनं चार वेळा मिटून पाहिले.

मला पाहून म्हणाली, "ही पाह्य. येत्या महिन्यात वेणार होती."

पटवारी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. वीज पडून जनावर मेलं तर सरकार मदत देतं, त्यासाठी पंचनामा लागतो, हे बंगल्यातल्याच कोणीतरी सांगितलं होतं. पटवारी मोटारसायकलवरून उतरलाही नाही. टाकीवर कागद ठेवून त्यानं लिहायला सुरुवात केली.

"ज़मीन किसके नाम है?"

आत्यानं माझ्या वडलांचं नाव सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. किती जनावरं, कुठे पडली, केव्हा पडली, सगळं विचारलं, मग कागद पुढे केला. "यहाँ दस्तखत." आत्या मराठी चौथी शिकलेली, सही करायची. तिनं केली. त्याच्या खाली राऊतनं अंगठा दिला. पटवारी जाताना म्हणाला, "डॉक्टर आकर पोस्टमॉर्टम करेगा. उसके बिना कुछ नहीं होगा."

डॉक्टर त्या दिवशी आलाच नाही. दवाखान्यात विचारलं तर म्हणाले, साहेब बाहेर ड्यूटीवर आहेत. दुपार होईपर्यंत वास सुटला. मेलेली जनावरं ओढून नेणारी गाडी आली. गच्चीवरून कोणीतरी फोन केला होता.

आत्या हातात दावं घेऊन गाडीच्या पुढे उभी राहिली. "डॉक्टर आए बिना एक को भी हात नहीं लगाना."

गाडीवाला म्हणाला, "माताजी, मोहल्ले की शिकायत है."

शेजारच्या गच्चीवरून एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून ओरडले, "यहाँ बच्चे हैं घर में! कितनी बदबू है!"

आत्यानं मान वर केली. "दूध लेते बखत बदबू नहीं आती थी तुमको?"

ते गृहस्थ तिचं दूध घेणाऱ्यांपैकीच होते. आत निघून गेले. गाडीवाला झाडाखाली बिडी ओढत बसला आणि तासाभरानं रिकामी गाडी घेऊन परत गेला. आत्या आणि राऊत आळीपाळीनं कुत्री हाकलत राहिले. उरलेल्या चार म्हशींची धार काढायची वेळ झाली तेव्हा दावं माझ्या हातात देऊन ती गोठ्यात गेली. मी बी.ए. झालेली मुलगी, दावं घेऊन सात मेलेल्या म्हशींच्या राखणीला उभी होते, आणि मला सांगायला हरकत नाही, मला लाज वाटत होती. कॉलेजातलं कोणी इकडून जाऊ नये असं वाटत होतं. त्या लाजेची लाज नंतर वाटली.

डॉक्टर तिसऱ्या दिवशी आला. कोवळा माणूस होता, नुकताच नोकरीला लागलेला. त्यानं उशिराबद्दल माफी मागितली. सरकारी माणसाच्या तोंडून तो शब्द मी त्या सगळ्या प्रकरणात एवढा एकदाच ऐकला. तोंडाला फडकं बांधून त्यानं काम केलं, हात धुतले, आणि कागद काढून विचारलं, "पशुपालक का नाम?"

आत्यानं स्वतःचं नाव सांगितलं. नाव, बापाचं नाव, आडनाव. मराठी आडनाव त्याला हिंदीत नीट लिहिता येईना, म्हणून त्यानं कागद माझ्याकडे दिला. मी लिहिलं. 'मृत्यु का कारण: आकाशीय बिजली.' त्यानं सही केली, शिक्का मारला.

इथेच सगळं अडकलं. पंधरा दिवसांनी तहसिलीत गेलो तेव्हा तिथल्या बाबूनं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "देखिए. पंचनामे में पशुपालक कोई और, डॉक्टर की रिपोर्ट में कोई और. ऐसा केस आगे नहीं जाता."

मी पंचनामा वाचून दाखवला. पशुपालक म्हणून वडलांचं नाव होतं. खाली 'पंच क्रमांक एक' इथे आत्याची सही होती.

आत्याला समजायला क्षणभर लागला. "म्हणजे मी साक्षीदार?" ती म्हणाली. "माह्याच म्हशी मेल्याची मीच साक्षीदार?"

बाबू वाईट माणूस नव्हता. सल्ला त्यानं चांगल्या मनानंच दिला. "डॉक्टर साहब से नाम बदलवा लाइए. भाई का लिखवा दीजिए. महीने भर में हो जाएगा. घर का ही तो पैसा है."

"पटवारी का कागज क्यों नहीं बदलते?"

"ज़मीन भाई के नाम है, माताजी. आपके नाम क्या है?"

आत्यानं दोन्ही कागद एकदा पाहिले. उठली आणि बाहेर आली. पायऱ्यांवर थांबून मला म्हणाली, "अर्ज लिही. पटवाऱ्यानं चुकीचं नाव लिहिलं म्हणून."

घरी वेगळंच शिजत होतं. नागपूरच्या धाकट्या काकांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी वडलांना बजावलं होतं की तेलीबांध्याच्या जागेवर ताईचं नाव कुठल्याही सरकारी कागदावर चढू देऊ नको. आज गोठा, उद्या जागा. जमिनीला भाव आला आहे, म्हातारी कोणाच्या सांगण्यावरून काय करेल नेम नाही. वडील रेल्वेत कारकून. आयुष्यात कोणाशी मोठ्यानं बोलले नव्हते. रविवारी आत्या दूध घालून आमच्याकडे आली तेव्हा त्यांनी तिला पाट दिला, चहा दिला, आणि मग हळूच विषय काढला.

"ताई, राहू दे ना माह्या नावावर. पैसा आला का पुरा तुह्या हातात ठेवतो. एक पैसा घरात घेणार नाई."

"मले माहीत आहे तू देशीन," आत्या म्हणाली. "तुह्यावर भरवसा नाई असं नाई."

"मग नावाचं काय घेऊन बसली?"

"मले कोणी देल्लेलं नाई पाहिजे, भाऊ. माहं आहे ते पाहिजे. बावीस वर्षं शेण मी काढलं. म्हशी अडल्या तर कोपरापर्यंत हात मी घातला. आन् मेल्यावर त्या तुह्या कश्या झाल्या?"

वडील म्हणाले, "कागद म्हणजे कागद असते, ताई. त्याच्यात खरं-खोटं नाई पाहत कोणी."

"मी पाहून राहिली ना."

वडील उठले. मला म्हणाले, "तू अर्ज लिहू नको. हे वाढवायचं नाई." वडलांनी मला असं बजावण्याची ती पहिली वेळ होती. मी त्यांचंच पेन त्यांच्याच टेबलावरून घेतलं आणि लिहायला बसले. ते दारात उभे राहून पाहत होते. मग आत गेले. मी 'सेवा में' लिहिलं, 'विषय' लिहिलं, मजकूर लिहिला आणि आत्याला वाचून दाखवला.

वडील पुन्हा बाहेर आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी कागद पाहिला, बराच वेळ पाहिला. शेवटी त्यांच्यातल्या कारकुनाला राहवलं नाही. "विषय असा नाई लिहीत," ते म्हणाले. "पंचनाम्याची तारीख टाक विषयातच. नाई तर बाबू वाचतच नाई." आणि पुन्हा आत गेले. आत्या माझ्याकडे पाहून हसली. म्हशी मेल्यानंतर ती पहिल्यांदा हसत होती.

त्यानंतर आम्ही तहसिलीत किती खेपा घातल्या, आता आठवत नाही. आत्या सकाळची धार काढून, दूध घालून यायची आणि संध्याकाळच्या धारेआधी तिला परतावं लागायचं. बाकावर बसून ती म्हणायची, "दोन धारांच्या मधातच सरकार चालते, पाह्य." बाबू दर वेळी तेच सांगे, नाव बदलवा. आत्या दर वेळी तेच सांगे, नाही. एकदा त्यानं वैतागून विचारलं, "आपको पैसा चाहिए कि नाम चाहिए?" आत्या म्हणाली, "भैंस मरी तब क्या आधी मरी थी? दोनों चाहिए."

मला वाटत होतं ती थकेल. दिवाळी झाली, थंडी सुरू झाली. चार म्हशींचं दूध तात्यापाऱ्याला पुरेना. तिनं पंडरीचे कापडवाले सोडून दिले. राऊतचा एक कान कायमचा गेला. तरी तिनं त्याला काढलं नाही आणि त्यानंही तिला सोडलं नाही.

मग एक दिवस वडलांच्या नावानं सूचना आली. एका मैदानात मोठा कार्यक्रम होता, पशुपालकांना मदतीचे धनादेश मंचावरून मिळणार होते. आमचा अर्ज कुठल्या फायलीत गडप झाला कोण जाणे. डॉक्टरच्या कागदाकडे न पाहताच पंचनामा मात्र पुढे सरकला होता. नाव वडलांचंच होतं.

वडलांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. "जाऊन तर येऊ," ते म्हणाले. आत्याही आमच्यासोबत निघाली. तिनं जांभळी नऊवारी नेसली होती. तिच्याकडे सणासुदीची तेवढी एकच होती.

मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, आमच्यासारखी शे-दीडशे माणसं होती. कोणाच्या शेळ्या वाहून गेल्या होत्या, कोणाचे बैल भिंतीखाली सापडले होते. माझ्या शेजारी बसलेली बाई सारखी पिशवीतून एक घंटी काढून पाहत होती आणि परत ठेवत होती. हार-तुरे झाले, भाषणं झाली. मग नावं पुकारायला सुरुवात झाली. माणूस वर जायचा, पाकीट घ्यायचा, फोटोसाठी थांबायचा, उतरायचा.

वडलांचं नाव पुकारलं गेलं. आणि वडील उभे राहिले. हाक आली की उभं राहायचं, ही तीस वर्षांची सवय होती. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आत्यानं त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून खाली ओढलं.

"बस खाली," ती म्हणाली. आणि स्वतः निघाली.

खुर्च्यांच्या मधून ती मंचापर्यंत कशी गेली ते मला अजून दिसतं. घाईनं नाही, थांबतही नाही, म्हशींच्या मागून चालावं तशी. मंचावर प्रमुख पाहुणे पाकीट हातात घेऊन हसत उभे होते. माइक त्यांच्या समोरच होता, त्यामुळे पुढचं सगळं मांडवानं ऐकलं.

"आइए माताजी. पतिदेव नहीं आए?"

"पति को मरे पच्चीस साल हो गए," आत्या म्हणाली. "जिसका नाम लिया वो भाई है मेरा. उधर बैठा है. उसकी एक भी भैंस नहीं मरी. मेरी सात मरी."

मागून एक अधिकारी पुढे सरसावला. "माताजी, ये सब बाद में. अभी ले लीजिए, फोटो हो जाए."

"उसको पूछो," आत्या वडलांकडे बोट दाखवत म्हणाली, "कौन सी भैंस लात मारती थी. कौन सी का दूध एक थन से कम आता था. वो नहीं बता सकता. मैं अँधेरे में हात लगाके बताती."

लोक हसले. आत्या हसली नाही. हसू विरल्यावर तिनं हात जोडले. "मेरे नाम से बनाके लाओ. तब लूँगी."

फोटोवाला खालून ओरडत होता, "माताजी, लिफाफे को हाथ लगाइए! खाली हाथ लगाइए!" आत्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्यानं तरी फोटो काढला. पाहुणे पाकीट पुढे धरून उभे आहेत आणि समोर जांभळ्या नऊवारीतली बाई हात मागे बांधून उभी आहे, असा तो फोटो असणार. छापून काही आला नाही.

आम्ही रिक्षानं परतलो. तात्यापारा जवळ आला तेव्हा वडील म्हणाले, "मी काहून उभा राहिलो, ताई?"

"सवय," आत्या म्हणाली.

त्या संध्याकाळी नागपूरहून फोन आला. काकांना बातमी कशी लागली कोण जाणे. आम्हाला फक्त वडलांची बाजू ऐकू येत होती. "हो... हो... नाई... ऐकून तर घे..." आणि मग एकदम, मी जन्मात न ऐकलेल्या आवाजात, "अरे, तिच्या म्हशी होत्या! लोकाच्या मेल्या जनावराचे पैसे मी घेऊ का?" त्यांनी फोन ठेवला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कचेरीत गेले, मुद्रांक घेतला आणि शपथपत्र करून दिलं: जमीन माझी, गोठा बहिणीचा, म्हशी बहिणीच्या, माझा त्यांच्याशी संबंध नाही. विषय त्यांनी पहिल्याच ओळीत तारखेसकट लिहिला होता.

फाल्गुनात चौकशीसाठी एक नवा अधिकारी गोठ्यावर आला. वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठा असेल. तो गाडीतून खाली उतरला, बाजेवर बसला, पाणी प्यायला. त्यानं जनावरांच्या दवाखान्यातलं लसीकरणाचं रजिस्टर मागवून आणलं होतं. वर्षानुवर्षं आत्याच्या म्हशींना तिथेच लस दिली जायची. त्यानं पानं उलटली. प्रत्येक वर्षी म्हशींची संख्या वाढत गेलेली होती, आणि मालकाच्या रकान्यात प्रत्येक वर्षी तेच दोन शब्द: 'मराठीन बाई'.

"ये मराठीन बाई कौन है?" त्यानं विचारलं.

आत्या पाहतच राहिली. बावीस वर्षं ती दर वर्षी तिथे जात होती. कोणी नाव विचारलं नव्हतं आणि तिलाही कधी सांगावंसं वाटलं नव्हतं. मला वाटतं, तिला त्या क्षणी राग आला तो दवाखान्यातल्या लोकांचा नव्हे, स्वतःचा.

"मैं," ती म्हणाली. "लेकिन ये मेरा नाम नहीं है."

राऊत पुढे झाला. अधिकाऱ्याचा प्रश्न त्याला ऐकू गेला नसावा, पण काय चाललंय ते कळलं होतं. तो मोठ्यानं म्हणाला, "मैं देखे हंव साहेब. सब्बो भैंसी बाई के आय." अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. मग शेजारपाजारचे आले. तात्यापाऱ्यातून दोन गिऱ्हाइकं आली होती, पंडरीचा एक कापडवाला आला होता. आणि सगळ्यांत शेवटी, रुमाल लावून ओरडणारे ते गच्चीवरचे गृहस्थ फाटक उघडून आत आले. त्यांनी लिहून दिलं की सहा वर्षांपासून मी यांच्याकडून दूध घेतो, जनावरं यांचीच आहेत. सही करताना ते आत्याकडे पाहत नव्हते.

"एक किलो बढ़ा दूँ कल से?" आत्यानं त्यांना विचारलं.

"हाँ, बढ़ा दीजिए," ते म्हणाले.

धनादेश चैत्र संपता संपता आला. मंच नव्हता, फोटो नव्हता. बाबूनं रजिस्टरवर सही घेतली आणि खिडकीतून दिला. सातही म्हशींचे पैसे नव्हते. नियमात एका घरामागे ठरावीक जनावरंच बसतात, असं त्यानं सांगितलं. आत्यानं विचारलं, नियम दाखवा. त्यानं दाखवला. मी वाचला, खरंच तसं होतं. "ठीक आहे," ती म्हणाली. "हे लिहेल आहे तर लिहेल आहे." नाव मी तीनदा तपासलं. काना-मात्रेसकट बरोबर होतं.

पण तिचं बँकेत खातं नव्हतं. खातं उघडायला ओळख देणारा खातेदार लागतो, म्हणून वडील सोबत आले. काउंटरच्या पलीकडच्या माणसानं सवयीनं विचारलं, "आप इनको कब से जानते हैं?"

वडील गोंधळले. त्यांनी बोटांवर मोजलं, विचार केला. "साहब, ये मुझे जानती है जनम से. बड़ी है. मैं तो बाद में आया."

त्या माणसानं हसून 'जन्म से' असं लिहिलं. मग अर्ज भरत भरत तो खाली आला. मी उलट्या बाजूनं वाचत होते. व्यवसायाच्या रकान्यात त्यानं न विचारताच 'गृहिणी' लिहिलं होतं. मी आत्याला सांगितलं.

"काट," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, "काटिए वो. पशुपालक लिखिए."

"माताजी, इससे कोई फ़र्क नहीं पड़ता."

"फिर लिखने में क्या जाता है?"

त्यानं खोडलं आणि लिहिलं. खाडाखोड झाली म्हणून शेजारी आत्याची सही घेतली.

त्या पैशांत तिनं दोन म्हशी घेतल्या, एक दुभती आणि एक पहिलारू, पहिल्यांदाच गाभण राहिलेली. जमिनीबद्दल काकांना जी भीती होती तिचं पुढे काहीच झालं नाही. तीन-चार वर्षांनी रस्ता रुंद व्हायला लागला तेव्हा वडलांनी आणि काकांनी ती जागा विकली. आत्यानं हिस्सा मागितला नाही. काका स्वतःहून द्यायला आले तेव्हा ती म्हणाली, "मागायचं असतं तर मागितलं असतं, तुले का वाटलं मले मागता येत नाई?" हिश्श्याच्या पैशातून काकांनी नव्या जागेचं पत्र्याचं छप्पर करून दिलं. ते मात्र तिनं घेतलं. म्हशींना ऊन लागत होतं.

नवी जागा शहराबाहेर एका गावाच्या कडेला होती, भाड्याची. म्हशी हलवल्या त्या सकाळी मी रजा घेतली होती. तोवर मी एका शाळेत शिकवायला लागले होते. पुढे राऊत, मध्ये आठ म्हशी आणि तीन रेडकं, मागे आत्या, आणि तिच्या मागे डोक्यावर दुधाच्या कॅना घेऊन वडील आणि मी. नव्या रुंद रस्त्यावरून आम्ही चाललो. गाड्या हॉर्न वाजवत होत्या. आत्यानं एकदाही वळून पाहिलं नाही, की म्हशींना कडेला घेतलं नाही. म्हशी त्यांच्या चालीनं चालल्या आणि गाड्या त्यांच्या मागून तशाच हळूहळू आल्या.

नव्या गोठ्यात त्यातली एक म्हैस बिथरली. पहिले दोन दिवस तिनं थेंबभर दूध दिलं नाही. आत्या तिच्या शेजारी बादली घेऊन बसून राहायची, कासेला कोमट पाण्याचा हात फिरवायची. घरी जाऊ म्हटलं तर मला म्हणाली, "तू जाय. तिले जागा समजू दे." तिसऱ्या दिवशी सकाळी म्हशीनं पान्हा सोडला.